गळ्यातला कॅमेरा, खिशातला कॅमेरा

सांगली सोडताना माझ्या गळ्यात एक कॅमेरा होता आणि खिशात एक. गळ्यातला जुना, जाड, आत आरसा असलेला डीएसएलआर. त्याला पुढं वेगवेगळ्या लेन्स लावता येतात. खिशातला नवा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, पण प्रकाश टिपणारा त्याच्या पोटातला सेन्सर जुन्याएवढाच मोठा. लेन्स मात्र एकच, कायमची बसवलेली. मानेच्या मणक्यांची झीज सुरू झाली आहे, गळ्यात वजन अडकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून हा नवा घेतला. घेतल्यापासून जुन्याकडं बघताना मला ओशाळल्यासारखं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेरच्या खोलीत झोपायला सांगावं, तसं.

माझी बायको सुषमा स्टेशनवर सोडायला आली होती. ती म्हणाली, "परत येताना ठरवून या. एक वापरा, एक देऊन टाका. दोघांपुढं अपराधी चेहरा करून बसणं आता पुरे."

तिचं खरं आहे. बसमध्ये जागा मिळाली तरी उभ्या माणसाची माफी मागावी असं वाटणारा मी माणूस. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. आरशापुढं बसलेल्या गिऱ्हाइकाला "छान दिसतं" म्हणणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग. त्यातलं खरं किती, हे मी सहसा स्वतःलाही विचारत नाही.

वर्ध्याला गाडी बदलून चंद्रपूरला उतरलो तेव्हा सकाळीच ऊन चटकायला लागलं होतं. देवानंद खोब्रागडे मोटारसायकल घेऊन आला होता. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सांगलीत आम्ही एका बाकावर बसायचो. तो पास होत गेला आणि वीज केंद्रात लागला. मी नापास होऊन वडिलांच्या दुकानात बसलो. त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं, मग खिशाकडं.

"अबे, दोन दोन कॅमेरे? एक वाघ दिसन का नाई त्याचा भरवसा नाई, अन् हा माणूस दोन घेऊन आला."

"तुलना करायची आहे."

"वाघाची?"

"कॅमेऱ्यांची."

"म्हणजे तू अजून तसाच आहे," तो समाधानानं म्हणाला आणि किक मारली.

ऊर्जानगर म्हणजे वीज केंद्राची वसाहत: झाडांच्या ओळी, पिवळट क्वार्टर्स आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला दिसणारी उंच धुराडी. पाळी सुटली होती. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, मोटारसायकली दोन्ही बाजूंनी वाहत होत्या. देवानंदची बायको माहेरी गेलेली, म्हणून त्यानं मला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं आणि तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा लालभडक तिखट रस्सा) समोर ठेवले. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खिशातला कॅमेरा काढून बशीचा फोटो घेतला, तर टपरीवाल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग गळ्यातला उचलला. तो लगेच झारा खाली ठेवून, शर्टाची कॉलर नीट करून उभा राहिला. तुलनेतली ही पहिली नोंद: मोठा कॅमेरा दिसला की माणसं स्वतःचा फोटो आधीच तयार करून ठेवतात.

देवानंदनं मग त्याच्या फोनवर एक फोटो दाखवला. काळा सूट, लाल टाय, मागं निळं तळं आणि बर्फाचे डोंगर. मान कॉलरवर किंचित तिरकी बसलेली.

"कोण हा?"

"रोशन. कुरखेड्याकडं आश्रमशाळेत मास्तर आहे. पोरगा चांगला आहे म्हणतात. पण हा कोट मी याच्याआधी तीन पोट्ट्यांच्या (मुलांच्या) अंगावर पाह्यला. आरमोरीपासून ब्रह्मपुरीलोक (पर्यंत) सगळ्या स्टुडिओत हाच एक कोट आहे. माणूस शर्टावर बसते, कोट मागून चिकटवते."

मी हसलो. तो हसला नाही. बशीतले पोहे चमच्यानं इकडून तिकडं करत म्हणाला, "माझी पुतणी आहे ना, प्रणाली, मोठ्या भावाची. मोहर्लीले जंगलात गाइड आहे. तिच्यासाठी आला हा फोटो. आता त्यायले तिचा फोटो पाह्यजे."

"मग?"

"तिच्या चेहऱ्यावर कोड आहे. डाव्या डोळ्याभोवती अन् ओठापाशी. दुखत नाई, लागत नाई. पण लोक तुले माहीत आहेत. गेल्या वर्षी एक पाहुणे आले होते. त्यायले फोटो पाठवला तो स्टुडिओवाल्यानं साफ करून दिला होता. आले, तिच्याकडं पाह्यलं, अन् पोहे तसेच ठेवून उठले. माझा भाऊ चपला शोधत त्यायच्या मागं फाटकालोक गेला. कायसाठी गेला, त्याले माहीत." मग तो म्हणाला, "वहिनी म्हणते, तुमचे सांगलीचे दोस्त फोटो चांगले काढतात, त्यायलेच सांगा. दिसलं नाई पाह्यजे, असा काढा म्हणते."

"काळजी करू नको," मी म्हणालो. "माझ्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स फार दयाळू आहे."

हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. ज्या मुलीला मी अजून पाहिलंही नव्हतं, तिला कसं दाखवायचं नाही याचं वचन मी पोहे खाता खाता देऊन बसलो.

दुपारी आम्ही मोहर्लीला निघालो. ऊर्जानगर मागं पडलं की रस्ता झाडांत शिरतो. सागाची पानं गळून गेली होती. पळसाची फुलं सरत आली होती, खाली पडलेली वाळून काळपट झालेली. प्रवेशद्वारापाशी मोबाइल जमा करावे लागतात; आत न्यायला बंदी आहे. मी फोन दिला, तर तिथल्या माणसानं माझ्या खिशाकडं बोट दाखवलं.

"तो दुसरा पण द्या."

"हा कॅमेरा आहे."

त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं. "कॅमेरा हा आहे. तो मोबाइल आहे."

मी नवा कॅमेरा चालू करून दाखवला, लेन्स दाखवली. मागं चार उघड्या जिप्सी गाड्या खोळंबल्या होत्या आणि मला त्या सगळ्यांची माफी मागावीशी वाटत होती. तेवढ्यात खाकी शर्ट घातलेली एक मुलगी आली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्टोल गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा गॉगल.

"जाऊ द्या भाऊ, त्याच्यात सिम नाई," ती म्हणाली. मग मला, "मी प्रणाली. चला काका, मी पुढं बसतो." (इकडं बायकाही 'बसतो, जातो' असंच म्हणतात.) गाइड नंबरानं मिळतात, पण तिनं एका सहकाऱ्याशी नंबर बदलून घेतला होता.

धुळीपायी जंगलात सगळेच तोंड बांधतात. मीही रुमाल बांधला. त्यामुळं तीनचार तास मी तिचा फक्त आवाज ओळखत होतो. हा आवाज शांत होता आणि मधूनच चिमटा काढायचा. सांबराचा पाणवठा दाखवताना ती म्हणाली, "ते सांबर तिकडं, काका. इकडं आमच्यात सांबार म्हणजे कोथिंबीर. ती घरी गेल्यावर आई दाखवन."

वाघीण दिसली ती एका तळ्याच्या काठी, पाण्यात मागचं अंग टाकून बसलेली. मी लांब पल्ल्याची लेन्स लावून जुना कॅमेरा डोळ्याला लावला. तिच्या मिशांवरचं पाणी दिसलं. बटण दाबलं, आरसा उचलला गेला, खटाक. पुन्हा खटाक. वाघिणीचा एक कान आमच्याकडं वळला.

"थांबून थांबून, काका," प्रणाली हळूच म्हणाली.

मग नवा काढला. तो आवाजच करत नाही. पण भर उन्हात त्याच्या पडद्यावर काहीसुद्धा दिसेना. व्ह्यूफाइंडर त्याला नाहीच. अंदाजानं धरून दोनचार फोटो घेतले, आणि त्याची बॅटरी संपली. जुना एकदा चार्ज केला की लग्नघर पार पाडतो. नवा अर्ध्या दिवसात मान टाकतो, हेही नोंदवून ठेवतो.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर बसून नव्याला वायरीनं खायला घातलं आणि दोन्हींचे फोटो पाहिले. जुन्यात वाघीण पडदाभर होती. फोटो मासिकात छापावा असा. फक्त वरच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. सेन्सरवर कधी तरी धूळ बसली आहे, ती हलत नाही. आभाळाच्या प्रत्येक फोटोत तो ठिपका येतो आणि मी घरी संगणकावर तो पुसतो. नव्यात वाघीण मोहरीएवढी. पण तळं पूर्ण, पलीकडचं झाड पूर्ण, ओळीनं उभ्या जिप्सी, त्यांत लांब लेन्स रोखून उभी असलेली माणसं. आणि आमच्या जिप्सीत पुढं प्रणाली, वाघिणीकडं पाठ करून, हात पसरून आमच्याकडं पाहत असलेली. कोणी तोल जाऊन पडू नये म्हणून. वाघ दिसत असताना ती सगळा वेळ अशी उभी होती, हे मला तिथं कळलंच नव्हतं.

ती समोर येऊन बसली. गॉगल काढला, स्टोल उलगडला.

डाव्या डोळ्याभोवती पांढरा भाग होता, भुवईचे केससुद्धा तिथं पांढरे. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत दुसरा. मी पाहिलं, आणि लगेच कॅमेऱ्याच्या पडद्याकडं नजर वळवली. पडदा बंद होता.

"आधी पाहून घ्या काका," ती म्हणाली. "नव्या माणसाले दोन मिनिटं लागतात. मग चहा गोड लागते."

देवानंद खो खो हसला. मी पाहिलं. खरंच थोड्या वेळानं मी तिचं बोलणं ऐकायला लागलो. तिनं विचारलं, "मग यातला चांगला कोणता?"

मी दुकानातल्यासारखं समजावून सांगितलं. "जुन्यानं लांबचं जवळ आणता येतं. नव्यात ते होत नाही. जेवढं मोठं हवं तेवढं आपल्यालाच जवळ जावं लागतं."

"म्हणजे जुन्यात समोरच्याले पत्ता लागत नाई."

"बहुतेक नाही."

"अन् नव्यात?"

"विचारावं लागतं."

तिनं बशीत चहा ओतला. "टुरिस्ट लोक माझे बम (पुष्कळ) फोटो काढतात. सगळे तोंड बांधलेले. एक बाई म्हणे, तू किती छान दिसून राह्यली." एवढं बोलून ती चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, जंगल बंद. देवानंदनं कार काढली आणि आम्ही तिघं तिच्या घरी निघालो. मूलपर्यंतच्या रस्त्यावर मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचत होत्या, एकटी कोणीच नाही, सगळ्या मोठ्यानं बोलत. "गप्प बसून मोह वेचत नाईत इकडं," देवानंद म्हणाला. "वाघाले आवाज गेला पाह्यजे." हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा आली आणि आम्ही गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. पाणी एका कडेला सरकलं होतं, मधल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या.

मार्कंड्याला थांबलो. जत्रा होऊन गेली होती. दुकानांच्या खड्ड्यांतले बांबू तेवढे उरले होते. नदी इथं वळून उत्तरेकडं वाहते आणि तिच्या काठावर ही देवळं, एकही हातभर जागा कोरल्याविना नसलेली. जुन्या कॅमेऱ्यावर लांब लेन्स लावून मी उंचावर कोरलेल्या एका सुंदरीचा फोटो घ्यायला लागलो. तिचं नाक झिजून गेलं होतं. मी डावीकडं सरकलो, मग खाली बसलो, मग पायरीवर चढलो.

"काय शोधून राह्यले काका?" प्रणालीनं विचारलं.

"जिथून नाक गेलेलं दिसणार नाही, ती जागा."

"तिले कायचं टेन्शन? तिच्याकडं कोणी पाहुणे येऊन नाई राह्यले."

मी लेन्स उतरवली. हसलो, पण पायरी उतरताना ते वाक्य माझ्याबरोबर खाली आलं.

नदीवर एक ढीवर (मासेमारी करणारं) जोडपं डोंगा काठाला लावून जाळं झटकत होतं. प्रणालीच्या गावचंच. सुमनबाई आणि तिचा नवरा. मी मोठा कॅमेरा उचलताच नवरा ताठ उभा राहिला. "चॅनलवाले का जी?" जाळं त्यानं पाठीमागं लपवलं, जणू तेच नको असावं. मी मोठा पिशवीत ठेवला, छोटा काढला आणि जवळ जाऊन विचारलं, "काढू का?"

"काढा," सुमनबाई म्हणाली. "मोठा होता तो बिघडला का?"

"नाही, मान दुखते."

"मंग बरोबर." आणि ती पुन्हा जाळ्याला लागली. मी दोन हातांवर उभा होतो तरी तिला माझा विसर पडला. टोपलीतल्या मासोळ्या चमकत होत्या. त्यातल्या काही देवानंदनं घेतल्या. सुमनबाईनं प्रणालीला विचारलं, "आज फोटो हाय म्हणे तुझा?"

"तुले कोणी सांगितलं?"

"तुझ्या मायनं. अख्ख्या गावाले सांगितलं. साडी कोणती घालते?"

"खाकी शर्ट," प्रणाली म्हणाली.

गाव चामोर्शीच्या अलीकडं. मातीच्या भिंतींना नवा चुना, दारात बांधलेली म्हैस, आत बुद्धाच्या तसबिरीपुढं ताजी फुलं. प्रणालीचे वडील भीमराव कमी बोलणारे. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, वजन अजमावलं आणि काळजीनं माझ्या मानेकडं पाहिलं. आई कुंदाबाई मात्र दारातूनच बोलत आली. "या भाऊजी. तुमची वाट पाहून पाहून डोळे गेले. आता तुमच्यावरच हाय सगळं."

जेवायला भात, मासोळीचं कालवण, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी). कुंदाबाई वाढता वाढता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. मध्यस्थ संध्याकाळी फोन करणार, तोवर फोटो गेला पाहिजे. मागच्या पाहुण्यांचं नाव तिनं घेतलं नाही. पण कोपऱ्यातल्या नव्या काचेच्या बशांकडं दोनदा पाहिलं.

जेवण झाल्यावर मी कामाला लागलो. मला यातलं थोडं कळतं, आणि त्या दिवशी मी जे कळतं ते सगळं वापरलं. प्रणालीला खिडकीशी बसवलं, उजेड उजव्या गालावर येईल अशी. मान थोडी वळवायला सांगितली. डावी बाजू सावलीत गेली. केस डाव्या खांद्यावरून पुढं घ्यायला सांगितलं. जुन्या कॅमेऱ्याला जुनी पोर्ट्रेट लेन्स लावली, मागं दूर सरकलो. खटाक. खटाक. तिला एका शब्दानंही विचारलं नाही, तुला कसा हवा आहे.

पडद्यावर फोटो पाहून कुंदाबाईनं तोंडावर पदर घेतला. "बापा, कशी दिसून राह्यली माझी पोरगी. नटीवानी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भीमरावांनी लांबूनच पाहिलं आणि मान हलवली. तो फोटो खरंच सुंदर होता. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या फोटोंपैकी एक. हे मी आजही म्हणेन.

प्रणालीनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ पाहिलं.

"छान हाय," ती म्हणाली. "पण हिच्याकडं पाहुणे आले तर दार मीच उघडणार ना?"

देवानंद उठून अंगणात गेला. म्हैस पाहण्यासारखं त्याला काही नव्हतं, तरी तो तिच्यापाशी उभा राहिला.

"पाठवा भाऊजी तो," कुंदाबाई म्हणाली आणि फोन माझ्यापुढं केला.

आता जुन्या कॅमेऱ्यातून फोटो असा थेट जात नाही. त्याचं कार्ड काढून, रीडर नावाच्या छोट्या डबीत घालून ती फोनला लावावी लागते. मी प्रणालीकडं पाहिलं. मला वाटलं, मी तिच्या बाजूचा आहे. ही वेळ निभावून नेली की झालं. आणि मी म्हणालो, "रीडर ऊर्जानगरला राहिला, वहिनी. याच्यातून आज जाणार नाही."

कुंदाबाईचा चेहरा उतरला. तरी मी मागं फिरलो नाही.

"काका," प्रणाली म्हणाली, "तुमच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात तो दिसून राह्यला."

कप्पा जाळीचा होता. रीडर आत स्पष्ट दिसत होता. माझे कान तापले. कुंदाबाईनं पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिच्या नजरेत रागापेक्षा नवल जास्त होतं.

"माझ्यासाठी खोटं नका बोलू," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज जंगलातला, शांतच होता. "आईशी मीच बोलतो." ती आईकडं वळली. "आई, ते लोक गेल्यावर तू चुलीपाशी बसून रडली. माझ्यासाठी रडली का पोह्यांसाठी, मले समजलंच नाई. एवढे पोहे. कोंबड्यांनी दोन दिवस खाल्ले."

"तुले मस्करी सुचते."

"मस्करी नाई. या वेळेस पोहे भिजवाच्या आधी त्यायले समजू दे. यायचं असन तर पाहून येतील. नाई आले तर पोहे वाचले."

कुंदाबाई माझ्यावर उसळली. "तुमाले काय जाते भाऊजी. तुमी उद्या गाडीत बसून जाल. इथी राहाले आमी हाओ. नाई म्हणून फोन आला का ही उद्या मोहर्लीले जाईन, तोंड बांधून दिवसभर वाघ दाखवीन. घरात मी राहीन. मले कोणी विचारते का?"

हे मला लागलं, कारण खरं होतं. तिला मीही विचारलं नव्हतं. कोणाला काय हवं ते न विचारता मी दोघींवरही दया करत सुटलो होतो. एकीवर लेन्सनं, दुसरीवर खोटं बोलून. मी एवढंच म्हणू शकलो, "वहिनी, चुकलं माझं. रीडर आहे. तुम्ही दोघी ठरवाल तो फोटो पाठवतो."

कुंदाबाई उठली, प्रणालीपाशी गेली. मी पुढं आणवलेले केस तिनं पोरीच्या खांद्यावरून मागं टाकले, कानामागं खोवले, कपाळावरची बट बोटानं सारली.

"काढाचा तर नीट काढ म्हणा त्यायले," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "अर्धामुर्धा काऊन (कशाला) दाखवते. चोरी केली का आपण?"

मी मोठा कॅमेरा खाली ठेवला आणि खिशातला काढला. आम्ही बाहेर अंगणात आलो. कडुलिंबाखाली सगळीकडून सारखा उजेड होता, सावली कोणाच्याच बाजूची नव्हती. त्या कॅमेऱ्याला जवळ जावं लागतं, म्हणून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो. तो छातीशी धरतात. माझा चेहरा मोकळा होता. त्यामुळं ती लेन्सकडं न पाहता माझ्याकडं पाहत होती आणि मला तिच्याकडं पाहणं भाग होतं. लपायला मागं काही नव्हतं.

"काका, तुमीच घाबरून राह्यले," ती म्हणाली आणि हसली. तेव्हा बटण दाबलं. आवाज झाला नाही, म्हणून तिला कळलंही नाही.

फोटोत सगळं होतं. डोळ्याभोवतीचा पांढरा भाग, पांढरी भुवई, हसताना किंचित वाकडा होणारा ओठ, आणि मागं पदरानं हात पुसत उभी कुंदाबाई, धूसर. नव्या कॅमेऱ्यातून फोटो हवेतूनच फोनवर गेला. प्रणालीनं तो स्वतः पाठवला. मध्यस्थाचा फोन संध्याकाळी आला नाही. आम्ही निघालो तेव्हाही आला नव्हता. कुंदाबाईनं मला सांबारवडी बांधून दिली, पण निरोप देताना बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या फलाटावर सांगलीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. सांबारवडी संपली होती आणि मला वाटत होतं, त्या घरात आज चूल कशी पेटली असेल. फोन वाजला. देवानंदनं एक फोटो पाठवला होता.

शाळेच्या व्हरांड्यात उभा एक माणूस. चौकटीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावरचे केस बरेच मागं गेलेले. मागं डोंगर नव्हते. हातपाय धुवायला ओळीनं उभी पोरं होती. मला क्षणभर ओळखू आला नाही. खाली रोशननं प्रणालीला लिहिलेलं होतं: "हा मी. तो कोट स्टुडिओचा होता. रविवारी येऊ का?"

त्याच्याखाली देवानंदचं: "वहिनीनं आजच पोहे आणून ठेवले. भिजवाले अजून चार दिवस आहेत म्हणून सांगितलं तिले."

मी त्या चष्म्याकडं पाहत राहिलो. फ्रेम त्याच्या चेहऱ्याला मुळीच शोभत नव्हती. दुकानात आला असता तर मी "छान दिसतं" म्हणालो असतो.

सांगलीला आल्यावर सुषमानं विचारलं, "मग? ठरलं का?" मी तिला दोन्ही कॅमेऱ्यांचं सगळं सांगितलं. आवाज, वजन, बॅटरी, उन्हात न दिसणारा पडदा. मग रीडरचंही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं पकडलं." कॅमेऱ्यांबद्दल पुन्हा विचारलं नाही. नवा खिशात असतो. जुना कपाटात गेला, पण कार्ड अजून त्याच्यातच होतं. त्यात वाघीण होती, नाक झिजलेली सुंदरी होती आणि खिडकीशी बसलेली, डावा गाल सावलीत असलेली प्रणाली होती. वाघिणीच्या फोटोतला कोपऱ्यातला ठिपका पुसायला बसलो, आणि राहू दिला. प्रणालीचा फोटो मात्र ठेवायचा की पुसायचा, ते मला ठरवता येईना. मग सुचलं की ते ठरवणारा मी नाहीच. प्रणालीला फोन लावला.

रविवार होऊन गेला होता. पाहुणे आले होते, पोहे संपले होते. पुढचं अजून बोलणं चालू आहे, ती म्हणाली, घाई कोणालाच नाही. मग मी विचारलं, "तो पहिला फोटो आहे माझ्याकडं. पुसून टाकू?"

पलीकडं जंगलातली जिप्सी सुरू झाल्याचा आवाज आला. तिला निघायचं होतं.

"काऊन पुसता?" ती म्हणाली. "आईले पाठवा. तिले लय आवडला होता तो."

मी पिशवी पुढं ओढली. रीडर बाहेरच्या कप्प्यातच होता.